सांग गं आबांना

माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून चौदा वर्षं आबांशी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्या दोघांत भांडण म्हणावं असं काहीच नव्हतं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, आईचे थोरले दीर. आमच्या भावकीत थोरल्या दिरासमोर बाईने तोंड उघडायचं नाही, अशी रीत. पण घराला घर लागून होतं. त्यांची गाय आमच्या वाफ्यात शिरायची, आमची कोंबडी त्यांच्या वैरणीत अंडं घालायची, दिवसातून दहा वेळा बोलायचं काम पडायचं, आणि ते काम माझ्या वाट्याला यायचं. आई दाराच्या आड उभी राहून म्हणायची, "इंदे, सांग गं आबांना, गाय वाफ्यात शिरलीया." आबा तीन हातांवर अंगणात उभे असायचे. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलेलं असायचं. तरी ते माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मी म्हणायचे, "आबा, गाय वाफ्यात शिरलीया." मग आबा म्हणायचे, "सांग तुज्या आयला, बांधतो म्हनावं." आणि मी मान वळवून आईला सांगायचे, बांधत्यात म्हने. मी घरात नसले तर आई शेळीला सांगायची. थट्टा नाही करत. शेळीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणायची, "सांग गं बया कुनाला तरी, गाय सुटलीया," आणि आबासुद्धा शेळीकडेच बघून उत्तर द्यायचे.

पुढे मी तालुक्याच्या पंचायतीत सभापतीच्या खुर्चीवर बसले, हार पडले, फोटो निघाले, तेव्हा एका पत्रकार मुलाने मला विचारलं होतं, राजकारणाचे पहिले धडे तुम्ही कुठे घेतलेत? त्याला वाटलं असावं, मी एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेईन. मी म्हटलं, निरोप पोचवण्यात. त्याने ते लिहून घेतलं नाही. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं. इकडचं बोलणं तिकडे नेताना त्यातलं काय गाळायचं, काय तिखट करायचं, कुठे नुसतं गप्प राहायचं, हे सगळं मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत शिकले होते. आणि निरोप्याला कधी बाजूला सरकवायचं, हे आईने एका बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, मला शिकवलं.

आमचं घर म्हणजे पुढे लांबलचक पडवी, मधे काळोखी खोली आणि मागे चूल. पडवीत उखळ होतं. आमचं खोरं भाताचं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात मुसळाचा आवाज यायचा. आई आणि शेजारची कुणी बाई समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि प्रत्येक घावाला छातीतून 'हूं' निघायचा. आंबेमोहोर कांडताना सगळ्या घराला वास यायचा. तो वास आमचा, तांदूळ पुण्याचा. अखंड दाणा पोत्यात जायचा आणि आमच्या ताटात कण्या यायच्या. त्या कण्यांचा मऊ भात, त्यावर हुलग्याचं कढण, आणि भात लावायच्या दिवसांत दादांनी, म्हणजे वडिलांनी, खाचरातून धरून आणलेल्या खेकड्यांचं कालवण. आई खेकड्याच्या नांग्या पाट्यावर ठेचून त्यांचं पाणी गाळून घ्यायची आणि त्यात तांदळाचं पीठ लावायची. तसं कालवण मला पुन्हा कुठे मिळालं नाही. एकदा पुण्यात एका बंगल्यावर जेवायला होते, तिथे आंबेमोहराचा भात वाढला आणि बाईसाहेब म्हणाल्या, हा तुमच्याकडचाच बरं का. मी म्हटलं, ओळख आहे आमची, पण वासापुरती.

आईचं नाव हौसा. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तिच्या जन्माआधीची ती गोष्ट, पण ती आपल्याच डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायची. तिच्या वडिलांनी कुठल्याशा कागदावर अंगठा दिला होता आणि तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. मोठी झाल्यावर तिने त्यांना विचारलं, बा, त्या कागदात काय हुतं? ते म्हणाले, "शाई हुती." एवढंच. ही गोष्ट सांगून झाली की आई उठून उखळाशी जायची. आम्ही तेव्हा तिच्या वाटेला जायचो नाही.

अशा बाईला पंचायतीत कुणी घातलं? आबांनी. ते गावचे सरपंच होते. नवा कायदा आला, त्यात पंचायतीत दोन बायका असल्याच पाहिजेत असं होतं. पंचायत भरायची चावडीत. आमच्या गावात बाई चावडीसमोरून जात नसे. देवळाला जायचं असलं तरी मागच्या बोळातून, पदर कपाळावर ओढून. ती चावडीची पायरी चढून बसणार म्हणजे काय? आबांनी डोकं चालवलं. एक नाव घातलं सोनाईचं. ही गावातली म्हातारी, दोन्ही कानांनी ठार बहिरी. दुसरं आईचं, म्हणजे आबांसमोर मुकी. एक ऐकणार नाही, दुसरी बोलणार नाही. आबा हुशारच होते, मी त्यांचा मोठेपणा नाकारत नाही. आईला ही बातमी उखळाशी कळली. दादा म्हणाले, "तुजं नाव घातलंया पंचायतीत."

"कशाला?"

"कायदाच हाय तसा."

"मंग मी काय करायचं?"

"काय न्हाई."

दीड वर्ष आईने ते 'काय न्हाई' नेमाने केलं. महिन्यातून एकदा ग्रामसेवक यायचे, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पायजमा, टोपी, काखेत सभेची वही आणि खिशात शाईची डबी. पडवीत बसून गुळाचा कोरा चहा प्यायचे, वही उघडून एक जागा बोटाने दाखवायचे, आई तिथे अंगठा टेकवायची आणि मागे जाऊन राखेने घासून धुवायची. सभेत काय झालं ते तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आजही मी एखाद्या गावात जाते आणि सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे यजमान बसलेले असतात, बोलतातही तेच. मी त्यांना विचारते, तुमचं नाव कुठल्या वॉर्डात लागलंय हो? हसतात. मला हसू येत नाही.

त्या वर्षी मी चौथी पास झाले. आमच्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नव्हता. मुलगे पाचवीला कोळवणला चालत जायचे, ओढा ओलांडून, पावसात कमरेएवढ्या पाण्यातून. मुलींना कुणी धाडत नसे. चौथीनंतर मुलगी शेणगोठ्याला लागायची आणि दोन-तीन वर्षांत तिचं स्थळ यायचं. पण त्या उन्हाळ्यात गुरुजी आमच्याकडे मुद्दाम आले. म्हणाले, गावाने एक खोली दिली तर जूनपासून पाचवीचा वर्ग मंजूर होतोय, शाळांच्या बोर्डाचं तसं पत्र आलंय. खोली होतीच. देवळामागे गावाने श्रमदानातून बांधली होती. त्याचे दगड ओढ्यातून बायकांनी डोक्यावर आणले होते. आईच्या टाळूवर त्या दिवसांत चुंबळीचा गोल उठलेला मी पाहिलाय. गुरुजी म्हणाले, "इंदूला बसवाल ना?" आई दाराआडून म्हणाली, "बसंल." मला तो शब्द इतका पुरला की मी आठवडाभर जुन्या वहीची कोरी पानं फाडून नवी वही शिवत बसले.

राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. साऱ्या खोऱ्यात धूर. आई दिवसभर टहाळ तोडून संध्याकाळच्या आत परतली तर पडवीत भाऊसाहेब बसलेले. तिचे हात काळेमिचकूट झालेले, म्हणून ती आधी मोरीकडे गेली. भाऊसाहेबांनी वही उघडून ठेवली आणि चहाला फुंकर घालत बसले. मला त्या काळी दिसेल ते वाचायची खोड होती, एस्टीचं तिकीट, काडेपेटी, गुळाला गुंडाळून आलेलं वर्तमानपत्र. मी वहीवर वाकून मोठ्याने वाचायला लागले. "ठराव क्रमांक चार. देवळामागील खोली सोसायटीच्या खताच्या साठ्यासाठी देण्यात यावी. सूचक, सौ. हौसाबाई. ठराव सर्वानुमते मंजूर."

मोरीतलं पाणी थांबलं.

"हौसाबाई कोन?" आईने विचारलं.

"तूच की."

"सूचक म्हंजे काय?"

"जिनं सुचवलं ती."

भाऊसाहेब घाईने म्हणाले, "वैनी, ती लिहायची पद्धत असते. बाईमाणसाचं नाव असलं की वर बरं दिसतं." ते मूळचे सासवडकडचे, बोलणं शहराच्या वळणाचं, आणि माणूस वाईट नव्हता. आई ओले हात तसेच पुढे धरून पडवीत आली.

"आन् सर्वानुमते म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांच्या मताने."

"सगळ्यात मी हाय का न्हाई?"

"आहात की. तुम्ही मेंबर आहात."

"मंग माजं मत कवा घेतलंत, भाऊसाहेब? मी तर चार दिस रानात टहाळ तोडतीया."

भाऊसाहेबांनी चहाचा घोट घेतला, तो बहुतेक चटका बसल्यासारखा लागला असावा. मला तोवर सगळं समजलं होतं. खोलीत खताची पोती जाणार म्हणजे माझी पाचवी गेली. मी रडायला लागले, अगदी हुंदके देऊन, आणि रडता रडता म्हटलं, "आये, तूच सुचवलंस, तितं ल्हिवलंया." हे बोलणं आईला किती लागलं असेल ते मला आज कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि अंगठा आत घेऊन मूठ मिटली. "आताच धुतलाय म्या," ती म्हणाली. "आता न्हाई बुडवायची."

भाऊसाहेबांनी पुष्कळ समजावलं. सूचकाचा अंगठा नसला तर नक्कल तालुक्याला, पौडला, पाठवता येत नाही, वरून विचारणा होईल, त्यांच्या नोकरीवर येईल. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माज्या बाला न वाचता अंगठा मागितला हुता, तवा बी असंच कुनीतरी चहा पिऊन ग्येलं असंल." भाऊसाहेबांनी वही मिटली. चहा अर्धा तसाच राहिला.

दिवेलागणीला आबा अंगणात आले. दादा पडवीत दोरी वळत होते, त्यांच्याशी आबा काही बोलले नाहीत. मलाच हाक मारली. "इंदे, सांग तुज्या आयला, अंगठा द्याचा नसंल तर चावडीत येऊन सांग म्हनावं. बेस्तरवारी पुन्यांदा सभा लावलीया." आवाजात राग नव्हता. त्यांना खात्री होती की चावडीची पायरी काही ती चढायची नाही. मी आत वळले. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "सांग गं आबांना," ती म्हणाली, "येते म्हनावं."

दादा त्या दिवशी कमी जेवले. ते गरीब स्वभावाचे होते, भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. "भावकी तोडतीस का?" एवढं एकच वाक्य ते बोलले. आई म्हणाली, "भावकीला हात बी लावत न्हाई. माजं नाव ल्हिवलंय तितं जाऊन बसते निस्ती."

बेस्तरवारी सकाळी आईने लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं काढलं. मला न्हाऊ घातलं, घट्ट वेणी घातली. वाटेत सोनाईचं घर लागायचं. आई आत गेली आणि त्या म्हातारीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. सोनाईला कुठे जायचंय ते कळलं नसावं, ती आपली जत्रेला निघाल्यासारखी खुशीत होती. मागच्या बोळाचं तोंड आलं तशी सोनाई सवयीने तिकडे वळली. आईने तिला हाताला धरून सरळ नेलं, चावडीसमोर. विहिरीवरच्या बायकांचे रहाट थांबले. चावडीत पंचायतीचा रेडिओ लागलेला असायचा, कुणीतरी तो बंद केला. चावडीला तीन पायऱ्या. मी त्या मोजत चढले.

आत जाजम घातलेलं आणि त्यावर सगळे पुरुष. आई चढल्याबरोबर दोघा म्हाताऱ्यांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. कुणीतरी म्हणालं, "वैनी, तुमी कशाला तरास घेतला, वही घरी आलीच असती." आई जाजमाच्या कडेला बसली, जमिनीवर नाही, जाजमावर, आणि शेजारी सोनाईला बसवलं. आबांच्या बाजूने पदर ओढून तिने तोंड खांबाकडे केलं. मला मधे बसवलं. आणि मग गावच्या पंचायतीची सभा चार वर्षांच्या पोरांच्या खेळासारखी सुरू झाली.

"सांग तुज्या आयला," आबा म्हणाले, "पावसात खत भिजलं तर समद्या गावाचं भात पिवळं पडंल."

मी सांगितलं.

"सांग गं आबांना, खत कुनाच्या बी पडवीत र्‍हाईल. पोरी कुटं ठेवू?"

मी सांगितलं.

"सांग तिला, पोरं जात्यात की कोळवणला. पोरींनी बी जावं चालत."

"सांग गं आबांना, मंग त्यांची कुशी धाडत्याल का वढ्याच्या पान्यातनं?"

कुशी म्हणजे आबांची नात, माझ्याच वर्गातली, त्यांचा जीव की प्राण. तिला साधी सर्दी झाली तर आबा वैद्य आणायचे. जाजमावर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी उपरण्यात हसलं. आबांच्या कानशिलाची शीर वर आली. मी ती फार जवळून पाहिली. त्यांनी मला सोडून भाऊसाहेबांकडे तोंड वळवलं.

"भाऊसाहेब, कायद्यात पोरीचं बोलनं धरत्यात का?"

"नाही, आबा."

"मंग हितं आतापत्तुर कुनीच काय बोललं न्हाई. इरोध असंल तर मेंबरानं सोताच्या तोंडानं सांगावा. न्हाई तर ल्हिवा, सर्वानुमते."

आबा पुढाऱ्यासारखे मागे रेलून बसले. डाव फार सुंदर होता. आई बोलली तर चौदा वर्षांची रीत भर चावडीत मोडणार, आणि उद्यापासून तिला गावात तोंड दाखवायला जागा नाही. गप्प राहिली तर खोली गेली. भाऊसाहेबांनी टाक शाईत बुडवला. मी आईकडे पाहिलं. पदराखाली तिची हनुवटी हलत होती. मला वाटलं, ती रडतेय. मला तिची इतकी दया आली की मी मनात म्हटलं, जाऊ दे गं आये, मला नको पाचवी, चल घरी.

मग आईचा हात माझ्या खांद्यावर आला. "इंदे," ती म्हणाली, "सरक."

मी सरकले. आईने तोंड खांबाकडून फिरवलं, पदर कपाळापर्यंत मागे घेतला आणि सरळ आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "न्हाई."

चौदा वर्षांत ती त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"माजं मत न्हाई," ती पुढे म्हणाली. "मी असं काय सुचवलं न्हाई. खोलीचं दगुड आमी बायांनी वाहिल्यात. ती पोरींची हाय. आता ल्हिवा, भाऊसाहेब."

आबांना उत्तर द्यायचं तर तिच्याशीच बोलायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण मी आता मधे नव्हते.

मतं घ्यावी लागली. खोली खताला द्यावी असं म्हणणाऱ्या सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. विरोधात कोण? आईने हात वर केला, त्यातल्या हिरव्या बांगड्या खाली कोपरापर्यंत घसरल्या. सोनाईने त्या बांगड्यांकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलाही हात वर केला. एक जण म्हणाला, "म्हातारीचं धरू नगा, तिला काय ऐकू येतंय!" आई म्हणाली, "ती बहिरी हाय, आंधळी न्हाई." भाऊसाहेबांनी सोनाईचं धरलं. त्यासाठी मी आजही त्या माणसाला हात जोडते.

म्हणजे आम्ही हरलो. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे गावात ही गोष्ट सांगताना लोक आईला जिंकवतात. खोली गेली. त्या पावसाळ्यात तिथे पोती लागली आणि देवळात येणाऱ्यांच्या नाकाला खताचा उग्र वास झोंबायला लागला. पण वहीतला ठराव दुरुस्त व्हायच्या आधी आई म्हणाली, "आजून एक ल्हिवा. खोली न्हाई मिळाली तर पाचवी हौसाबाईच्या पडवीत भरंल. हे मात्र मी खरंच सुचवतीया." तेव्हा आबांनी वाट काढली. ते दादांना म्हणाले, "तुला चालतंय का रं? घर तुजं हाय." दादा मेंबर नव्हते, ते बाहेर पायरीशी उभे होते. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "पडवी तीच सारवतीया, आबा. मी काय बोलू?" एवढं बोलून ते बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने निघून गेले. माझे वडील आयुष्यात एकदाच शूर झाले, आणि एकदा पुरे असतं.

भाऊसाहेबांनी 'सर्वानुमते' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बहुमताने'. सूचक म्हणून आबांचं नाव आलं. खाली लिहिलं, विरोधी दोन, आणि त्याखाली पडवीचा ठराव. आईने वही माझ्याकडे सरकवली. "वाच," म्हणाली. मी वाचलं. "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. मग तिने अंगठा बुडवला आणि 'विरोधी' या शब्दाशेजारी असा टेकवला की पानाच्या मागच्या बाजूला डाग उमटला. त्या दिवशी घरी येऊन तिने तो राखेने घासला नाही. निळा अंगठा घेऊनच ती भाकऱ्या थापायला बसली. दोन भाकऱ्यांना डाग लागला, त्या मी खाल्ल्या.

गावाने तिला सोडलं नाही. दिराच्या तोंडाला तोंड दिलेली बाई म्हणून पाणवठ्यावर कुजबुज व्हायची, हळदीकुंकवाला बोलावणं येईना, शेजारची कांडायला येईना. आई एकटीच दोन्ही हातांनी मुसळ चालवायची आणि मधला घाव रिकामा जायचा. तो रिकामा घाव मला अजून ऐकू येतो. एका बाईने तिला विचारलंच, "हौसे, लाज न्हाई वाटली?" आई म्हणाली, "वाटली की. चौदा वरसं शेळीशी बोलले त्याची." आबांची गाय वाफ्यात शिरली तरी आई आता काही सांगत नसे, स्वतःच काठी घेऊन हाकलायची, आणि मला माझं काम गेल्यासारखं चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

जून आला. बोर्डाने पडवी चालेल म्हणून कळवलं. आईने आदल्या दिवशी पडवी सारवली, उखळ कोपऱ्यात लोटलं, आणि गुरुजींनी भिंतीला काळा रंग दिलेली फळी टांगली. पहिल्या दिवशी आम्ही पाच मुली होतो. मी नवी शिवलेली वही मांडीवर घेऊन सगळ्यात पुढे. गुरुजींनी हजेरी घेतली आणि फळीवर तारीख लिहायला वळले, एवढ्यात अंगणात वहाणा वाजल्या. आबा. हातात कुशीचा हात, कुशीच्या खांद्याला कोरी पिशवी. पाऊस थांबलेला, तरी आबांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. ते पडवीच्या पायरीशी येऊन थांबले. आत चुलीशी आई असल्याचं त्यांना ठाऊक होतं. गुरुजी खडू ठेवून पुढे आले, पण आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घसा साफ केला, मला शोधलं आणि जुन्याच आवाजात म्हणाले, "इंदे, सांग तुज्या आयला, आमची कुशी बी येतीया म्हनावं साळंला."

मी आत वळून तोंड उघडणार, तोच आई पिठाच्या हातांनी दारात आली. दाराच्या आड नव्हे, दारात. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता.

"मलाच सांगा, आबा," ती म्हणाली. "मी हितंच हाय."